लहान छेदाची वाट

मुखाच्या किंवा घशाच्या कर्करोगाने ग्रासलेला मनुष्य शस्त्रवैद्यासमोर प्रथम येऊन बसतो, तेव्हा त्याची परीक्षा पुष्कळदा गाठीपासून सुरू होत नाही. "तोंड उघडा पाहू" असे म्हणून वैद्य त्याला त्याचीच तीन बोटे एकावर एक धरून वरच्या व खालच्या दातांच्या मध्ये घालायला सांगतो, आणि ती तिन्ही जातात, की दोनच जातात, की एकही धड जात नाही, हे पाहून पुढील कित्येक आठवड्यांच्या उपचारांचा बेत मनाशी बांधू लागतो. रुग्णाला या चाचणीचे मर्म सहसा उमगत नाही. दुखणे जिभेच्या कडेला किंवा गालाच्या आत असताना डॉक्टर बोटे कसली मोजतात, असे त्याच्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. परंतु भूल देताना श्वासाची नळी ज्या दरवाजाने आत जायची, दुर्बीण ज्या दरवाजाने उतरायची, आणि शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव झाला तर वैद्याचा हात ज्या दरवाजाने पोहोचायचा, तो दरवाजा किती उघडतो याचा तो अगदी अल्पखर्ची आणि खात्रीचा दाखला असतो. ही उघडीप ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली, तर या रुग्णांच्या बाबतीत जबडा आखडला असेच समजतात.

आपल्याकडे तो आखडण्याचे कारण बहुतेक वेळा सुपारी असते. सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या अस्तराखालील ऊती हळूहळू तंतुमय आणि ताठर होत जातात. केनियातील काही भारतीय स्त्रियांच्या तोंडात आढळलेल्या या विकाराचे वर्णन १९५२ साली प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्या रुग्णांवरून त्याची नोंद करून त्याला जे नाव दिले, तेच थोड्याफार फरकाने आजही रूढ आहे. २०१२ साली महाराष्ट्र सरकारने सुपारीच्याच गुटख्यावर बंदी घातली. तथापि ज्यांचे गाल त्याआधीच ताठरले होते, त्यांना हुकुमाने तोंड उघडता येत नाही. अशा तोंडातच पुढे कर्करोगाची गाठ उद्भवते, आणि मग तिच्यावरील प्रत्येक इलाजाला त्या अरुंद दरवाजाचा विचार आधी करावा लागतो.

हे सर्व आरंभीच सांगण्याचे प्रयोजन असे, की अलीकडे 'दुर्बिणीचे ऑपरेशन', 'बिनटाक्याचे ऑपरेशन' हे शब्द गावोगावच्या फलकांवर झळकू लागल्यापासून लहान छेद म्हणजे लहान धोका, असे एक समीकरण लोकांच्या मनात दृढ झाले आहे. पित्ताशयाच्या खड्यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही ठरले. परंतु डोके आणि मान यांच्या रुग्णाच्या बाबतीत ते मला मान्य नाही. घसा हा देहाचा चव्हाटा आहे; श्वास आणि अन्न या दोन्हींची वाट तेथे एकमेकींना छेदून जाते, आणि रोगही नेमका त्याच चव्हाट्यावर ठाण मांडून बसलेला असतो. अशा ठिकाणी छेद किती लहान आहे यापेक्षा त्या छेदापर्यंत किंवा त्या छेदापासून जाणारी वाट कशातून जाते, हा प्रश्न अधिक मोलाचा होय. ही गोष्ट सर्वांत स्वच्छ दिसते ती पोटात घालावयाच्या अन्नाच्या नळीच्या बाबतीत; म्हणून या प्रकरणाचा मोठा भाग मी तिलाच देत आहे.

घसा बंद झालेल्या माणसाच्या जठराला बाहेरून वाट करून अन्न घालावे, ही कल्पना जुनी आहे. स्ट्रासबुर्ग येथील सेदियो या फ्रेंच शस्त्रवैद्याने १८४९ साली ती मनुष्यावर प्रथम अमलात आणली; रुग्ण वाचला नाही. पॅरिसच्या व्हेर्नय याला १८७६ साली यश आले. पुढे १८९४ साली अमेरिकेतील ओहायो प्रांतातल्या फ्रीमाँट या गावच्या मार्टिन स्टॅम याने पोट उघडून, जठरात नळी बसवून, तिच्याभोवती वर्तुळाकार टाके घालण्याची जी रीत सांगितली, ती इतकी सोपी आणि भरवशाची ठरली की पाऊणशे वर्षांहून अधिक काळ तिचाच अंमल चालला. मात्र तिच्यासाठी पोटाला छेद द्यावा लागे व बहुधा पूर्ण भूल द्यावी लागे. आणि ज्याला अन्नावाचून अशक्तता आली आहे त्यालाच त्या अशक्ततेच्या निवारणासाठी शस्त्रक्रियेचा ताण सोसावा लागे, ही विसंगती वैद्यांना बोचत असे.

ही विसंगती पुढे त्याच ओहायोत सुटली. क्लीव्हलंड येथील बालरुग्णालयात १२ जून १९७९ रोजी बालशस्त्रवैद्य मायकेल गॉडरर आणि दुर्बीणतज्ज्ञ जेफ्री पॉन्स्की यांनी काही महिन्यांच्या एका बालकाच्या जठरात पोट न उघडता नळी बसवली, आणि पुढील वर्षी तिची पद्धत प्रसिद्ध केली. तिची युक्ती ऐकावी तितकी सुंदर वाटते. दुर्बीण तोंडावाटे जठरात उतरवून हवा भरली की जठर फुगून पोटाच्या पुढच्या भिंतीला टेकते. खोलीतील दिवे मंद केले की दुर्बिणीच्या दिव्याचा तांबूस उजेड कातडीतून बाहेर दिसतो. त्या उजेडावर बोटाने दाबले की बोटाचा ठसा आतल्या चित्रात उमटतो. उजेड आणि ठसा एकाच जागी जुळले, म्हणजे जठर आणि कातडी यांच्यामध्ये आतड्याचे वेटोळे आलेले नाही असे मानावयाचे. मग त्या जागी सुई टोचून तिच्यातून एक दोरा आत सोडायचा, दुर्बिणीच्या चिमट्याने तो पकडून दुर्बिणीसह तोंडावाटे बाहेर आणायचा, त्या टोकाला नळी बांधायची, आणि पोटाकडून दोरा ओढू लागले की नळी तोंडातून, घशातून, अन्ननलिकेतून जठरात येऊन त्या इवल्याशा छेदातून बाहेर पडते. तिच्या आतल्या टोकाची चकती तेवढी जठरात अडकून राहते. सारे काम अर्ध्या तासाच्या आत उरकते. रुग्णालयात सर्वजण या नळीला 'पेग' म्हणतात, आणि खेड्यातून आलेले नातेवाईकही दुसऱ्या दिवसापासून तोच शब्द वापरू लागतात.

सुईच्या मार्गात आतड्याचे वेटोळे नाही याची आणखी एक खूण पुढे वैद्यांनी शोधून काढली, ती तिच्या साधेपणामुळे मला फार आवडते. पिचकारीत थोडे पाणी किंवा बधिर करण्याचे औषध घेऊन, दट्ट्या मागे ओढत ओढतच सुई पुढे सरकवायची. सुईचे टोक दुर्बिणीला जठरात दिसू लागण्याच्या क्षणीच पिचकारीत बुडबुडे आले तर ती हवा जठराची. पण टोक दिसण्याआधीच बुडबुडे आले, तर वाटेत दुसऱ्या कुठल्या तरी पोकळीला, बहुधा मोठ्या आतड्याला, सुईने भोसकले आहे असे समजून ताबडतोब थांबायचे.

आता हीच पद्धत मुखाच्या व घशाच्या कर्करोगाच्या रुग्णाला लावून पाहावी. अर्धांगवायूने गिळता न येणाऱ्या रुग्णात नळीची वाट निरोगी असते. येथे ती वाटच रोगाची भूमी आहे. जिभेच्या मुळाशी किंवा घशाच्या भिंतीवर जो व्रण पसरलेला असतो, त्याला घासून दुर्बीण खाली जाते आणि नळीची चकती त्यालाच खरडत ओढली जाते. तोंडातील जंतूही नळीबरोबर थेट पोटाच्या ताज्या जखमेत येतात. या दुसऱ्या संकटावर उपाय सापडला: नळी घालण्यापूर्वी शिरेतून प्रतिजैविकाची एक मात्रा दिली, तर छेदाभोवती पू होण्याचे प्रमाण लक्षणीय घटते, हे अनेक चाचण्यांनी सिद्ध केले आहे, आणि ती मात्रा आता शिरस्ता होऊन बसली आहे.

पहिले संकट अधिक विलक्षण होते. घशाच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या पोटावर, नेमक्या नळीच्या छिद्राशी, काही महिन्यांनी गाठ उठली आणि तपासणीत ती घशातल्याच कर्करोगाची निघाली, अशी नोंद १९८९ साली प्रथम प्रसिद्ध झाली. त्यानंतर जगभरातून तशा नोंदी येत गेल्या. काहींचे म्हणणे पडले की अर्बुदाच्या पेशी रक्तावाटे येऊन ताज्या जखमेत रुजल्या असाव्यात. पोट उघडून बसवलेल्या नळीच्या जागीही क्वचित अशा गाठी आढळल्या, हा त्यांचा आधार. परंतु ज्या प्रकारांत नळी तोंडातून ओढली जाते, त्यांतच या नोंदी फार मोठ्या संख्येने एकवटलेल्या आहेत हे पाहता, नळीनेच पेशी वाहून नेल्या हे अनुमान मला अधिक सयुक्तिक वाटते. प्रमाण अल्प आहे. बहुतेक अभ्यासांत ते शेकडा एकापेक्षा कमी भरते. तथापि ज्याच्या घशातला रोग समूळ काढून टाकण्याची आशा आहे, त्याच्याच पोटात आपण हाताने त्याचे बी पेरावे, ही गोष्ट शेकडेवारीच्या लहानपणाने क्षम्य होत नाही. त्यातून दुसरी वाट उपलब्ध असताना तर नाहीच.

ती दुसरी वाट १९८४ पासून ठाऊक आहे. तीत जठर पोटाच्या भिंतीला दोनतीन टाक्यांनी आधी बाहेरूनच अडकवून घेतात. मग सुई, सुईतून तार, तारेवरून छिद्र रुंद करणारा शंकू, आणि अखेर फुग्याच्या टोकाची नळी, असे सारे बाहेरून आत जाते. तोंडाकडे नळीला जावेच लागत नाही. ही सुई-तार-नळीची मूळ हिकमत स्वीडनच्या सेल्डिंगर या क्ष-किरणतज्ज्ञाने १९५३ साली रोहिणीत नळी घालण्यासाठी सांगितली होती, आणि आज देहाच्या ज्या ज्या पोकळीत वैद्य टाक्यावाचून शिरतो, तेथे बहुधा तोच मागे उभा असतो. जठर फुगवण्यापुरती एखादी बारीक दुर्बीण नाकातून घालावी लागते. किंवा नाकातल्या बारीक नळीने हवा भरून क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहतही हे काम करता येते, आणि ज्याच्या तोंडात एक बोटही शिरत नाही त्याला हाच मार्ग उरतो. यातही उणिवा आहेत: नळी बारीक असते, लवकर तुंबते, फुगा फुटून निसटते. म्हणजे एका वाटेची जोखीम टाळताना दुसऱ्या वाटेची स्वीकारावी लागते. फरक इतकाच की ही दुसरी जोखीम निस्तरता येण्याजोगी आहे.

गुंगीचाही प्रश्न आहे, आणि माझ्या मते तो छेदाहून थोर आहे. निरोगी घशाच्या माणसाला थोडी गुंगी दिली तर तो घोरतो इतकेच. परंतु ज्याच्या घशात अर्बुदाने आधीच अर्धी वाट अडवली आहे, त्याचे स्नायू सैल पडताच उरलेली वाटही मिटू शकते, आणि त्या क्षणी आखडलेल्या जबड्यातून श्वासनळी घालणे सर्वांत निष्णात हातालाही दुर्घट होते. म्हणून अशा रुग्णाला पेग घालताना भूलतज्ज्ञ शेजारी हवा. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल द्यायची असेल, तर रुग्ण जागा असतानाच, घसा औषधाने बधिर करून, नाकावाटे लवचिक दुर्बिणीच्या वाटाडेपणाने श्वासनळी आधी बसवतात आणि मग भूल देतात. १९६७ साली लंडनमध्ये पीटर मर्फी याने पित्तनलिकेच्या लवचिक दुर्बिणीचा उपयोग करून नाकावाटे श्वासनळी प्रथम बसवली. ऐकताना जागेपणीचा हा प्रकार क्रूर वाटतो, पण नीट समजावून सांगितले तर रुग्ण तो आश्चर्यकारक शांतपणे सोसतात.

नळी सुखरूप बसली म्हणजे निर्धास्त व्हावे असेही नाही. कित्येक आठवडे पाण्याच्या घोटावर काढलेल्या माणसाच्या घरच्यांना, आता वाट मोकळी झाली, आता पोटभर घालू, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. आणि तेथेच घात होऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फिलिपाइन्समध्ये उपाशी जपानी युद्धकैद्यांना अन्न मिळू लागल्यावर त्यांतले काही सुधारण्याऐवजी दगावले, हे अमेरिकन वैद्यांनी १९५१ साली नोंदवून ठेवले आहे. उपासाला सरावलेल्या देहात एकाएकी साखर आली की पेशी रक्तातले फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने शोषून घेतात, थायमिन हे जीवनसत्त्व संपते, आणि हृदयाची गती बिघडते. म्हणून अतिकृश रुग्णाला आरंभी दिवसाला वजनाच्या दर किलोस १० किलोकॅलरींपेक्षा अधिक न देता, थायमिन आधी देऊन, रक्ताची तपासणी करीत, चार ते सात दिवसांत आहार क्रमाक्रमाने वाढवतात. नळीतून प्रेमाने ओतलेली वाटीभर आंबीलही पहिल्या दिवशी मापात हवी.

आता श्वासाच्या नळीविषयी. गळ्याला छेद देऊन श्वासनलिका उघडण्याच्या शस्त्रक्रियेला फिलाडेल्फियाच्या शेव्हालिए जॅक्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शिस्त लावली. आणि १९८५ साली पॅट सिआग्लिया या अमेरिकन शस्त्रवैद्याने तिला तीच सुई-तारेची वाट दाखवून, अतिदक्षता विभागातल्या खाटेवरच, चढत्या जाडीच्या शंकूंनी छिद्र रुंदावून नळी बसवण्याची रीत प्रचारात आणली. सामान्य रुग्णात ती उत्तम ठरली आहे. परंतु तिचा सगळा भरवसा गळ्याच्या मध्यरेषेवर बोटांना लागणाऱ्या कड्यांवर असतो. आणि ज्या मानेतून ग्रंथी काढल्या आहेत, ज्या मानेला किरणांचा शेक देऊन ती लाकडासारखी झाली आहे, किंवा जिच्यात मोठ्या गाठीने श्वासनलिका एका बाजूला रेटली आहे, तेथे ती कडी बोटाला लागतच नाहीत. म्हणून अशा मानेत ही रीत दीर्घकाळ वर्ज्य मानली जाई. आतून दुर्बिणीने सुईवर नजर ठेवणे आणि बाहेरून ध्वनिलहरींच्या यंत्राने रक्तवाहिन्या पाहणे यांमुळे अनुभवी हातांनी निवडक रुग्णांत ती सुरक्षितपणे करता येते, एवढी मुभा आज मिळाली आहे. तातडीच्या प्रसंगी मात्र, जेव्हा श्वास कोंडला आहे आणि घड्याळ धावते आहे, तेव्हा सुरीच जवळची. येथे एक बारकावा नमूद करण्याजोगा आहे. मांडीचा वा हाताचा मांसखंड आणून जबड्यात बसवला असेल आणि त्याच्या बारीक शिरा मानेतल्या शिरांना जोडल्या असतील, तर श्वासनळीची पट्टी मानेभोवती आवळून बांधत नाहीत. नळी कातडीला टाक्यांनी अडकवतात. कारण त्या पट्टीच्या दाबाने शीर मिटली, तर दहा तासांची शस्त्रक्रिया एका गाठीने वाया जाते.

यंत्रमानवाच्या साहाय्याने तोंडावाटे घशातील गाठ काढण्याचे तंत्र तर याहून नवे. अमेरिकेत त्याला २००९ साली परवानगी मिळाली. बाहेर एकही छेद दिसत नाही, जबडा फोडावा लागत नाही, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण आत जी जखम राहते ती उघडीच असते, आणि तिच्या तळाशी मोठ्या रोहिणीच्या शाखा असतात. कॅनडातील चिकित्सकांच्या पुढाकाराने झालेली, ६१ रुग्णांची एक चाचणी शस्त्रक्रियेच्या गटात दोन मृत्यू झाल्यामुळे मुदतीपूर्वी थांबवावी लागली; त्यांतला एक घशातील रक्तस्रावाने झाला होता. उलट अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, जिच्यात शस्त्रवैद्यांचा पूर्वानुभव तपासूनच त्यांना सामील करून घेतले होते, ४९५ शस्त्रक्रियांमध्ये रक्तस्रावाने एक मृत्यू झाला. या दोन आकड्यांची सरळ तुलना करणे न्याय्य होणार नाही. पण यंत्र तेच असताना हात कोणाचा आणि रक्तवाहिनी आधी बांधली होती की नाही, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे, असे मी आग्रहाने म्हणतो.

कमी कापणे सर्वत्र शंकास्पद आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीने दाखवून दिले, की मुखाच्या प्रारंभिक कर्करोगात मानेतल्या ग्रंथी, त्या सुजण्याची वाट न पाहता, मूळ गाठीबरोबरच काढल्या तर तीन वर्षांनी शेकडा ८०.० रुग्ण हयात असतात, आणि वाट पाहिली तर ६७.५. यावर रास्त प्रश्न निघाला, की ज्यांच्या ग्रंथी अखेर निरोगी निघतात त्यांच्या मानेला हा भुर्दंड कशासाठी? त्याचे उत्तर शोधताना गाठीतून झरणारा रस ज्या ग्रंथीत प्रथम पोहोचतो तेवढीच, खुणेच्या औषधाने हुडकून, काढून तपासण्याची पद्धत फ्रान्समध्ये आणि जपानमध्ये चाचणीला लावली गेली, व २०२० आणि २०२१ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत ती पूर्ण शस्त्रक्रियेहून उणी ठरली नाही. येथे लहान छेदाने आपली योग्यता रीतसर सिद्ध केली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात २०१८ साली याच्या नेमके उलटे घडले होते: साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेनंतर शेकडा ९६.५, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर ८६.० भरले, आणि वर्षानुवर्षे विश्वासाने चाललेली पद्धत एका चाचणीने खाली उतरवली.

पेगच्या नळीकडे पुन्हा वळतो, कारण ती घेऊन रुग्ण घरी जातो आणि तिची सुरक्षितता त्यानंतर घरच्यांच्या हाती असते. पहिले दोन ते चार आठवडे जठर आणि कातडी यांच्यातली वाट कच्ची असते. त्या अवधीत नळी निसटली, तर ती धुऊन पुन्हा आत ढकलण्याचा मोह मोठा होतो. पण ती जठराऐवजी उदरपोकळीत शिरू शकते, आणि मग ओतलेली पेज तेथे साचून प्राणावर बेतते. तिला हात न लावता, काही न ओतता, रुग्णालय गाठावे. वाट पक्की झाल्यावर मात्र वाट पाहण्यात धोका असतो, कारण रिकामे छिद्र काही तासांतच आवळू लागते. आतली चकती फार ताणून ठेवली तर ती जठराच्या अस्तरात रुतते; यासाठी, टाके नसतील तर, वैद्याने दाखवल्याप्रमाणे नळी किंचित आत सरकवून फिरवतात. प्रत्येक वेळी अन्न घालण्यापूर्वी व नंतर साधे पाणी सोडावे. गोळ्या बारीक कुटून, त्याही वैद्याला विचारूनच. वरणाचे पाणी, नाचणीची आंबील, ताक हे सर्व गाळून चालते. अन्न घालताना आणि पुढे तासभर रुग्णाला अर्धवट बसते ठेवावे, नाहीतर जठरातले वर येऊन फुप्फुसात उतरते.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या ध्यानी सहसा येत नाही. पोटातून सारे मिळू लागले की रुग्ण गिळणेच सोडून देतो. शेक सुरू असताना प्रत्येक घोट विस्तवासारखा लागत असल्याने त्याला दोषही देता येत नाही. पण घशाचे स्नायू काही आठवडे निजून राहिले तर पुढे ते उठत नाहीत, आणि रोग बरा होऊनही माणूस नळीलाच बांधलेला राहतो. म्हणून गिळण्याचे प्रशिक्षण देणारे तज्ज्ञ, ठसका लागत नसेल त्या मर्यादेत, दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे पाणी तोंडाने गिळायला लावतात. हा सराव कंटाळवाणा, वेदनादायक आणि महिनोन्महिने चालणारा असतो. तो साधला, वजन टिकले, आणि वैद्याने नळी काढली, तर पोटावरचे ते छिद्र एखादा टाकाही न घालता बहुधा एकदोन दिवसांतच आपणहून मिटते.